दृष्टी गेल्यावर हाताला माती द्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

१५ ऑक्टोबरचा पांढऱ्या काठीचा दिवस किंवा ४ जानेवारीचा ब्रेल दिन जवळ आला की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येतं. अंध मुलं पणत्या रंगवत असतात, नाहीतर गणपती घडवत असतात. खाली ओळ असते, ‘डोळ्यांत अंधार, पण बोटांत जादू’. छापणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्यांची दृष्टी चाळिशी-साठीत काचबिंदूने, मधुमेहाने किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने गेली आणि जे आता घरात एकाच खुर्चीवर बसून दिवस काढतात, त्यांना ही ओळ कोणी वाचून दाखवली तर ते तिचा वेगळाच अर्थ घेतात. माझ्या बोटांत काही जादू नाही, म्हणजे हे माझं काम नव्हे. तिथेच विषय संपतो.

दृष्टी गेल्यावर बोटांच्या कातडीत नवीन काही उगवत नाही. तीच बोटं असतात. सरावाने मेंदू त्यांच्याकडून जास्त काम करून घ्यायला शिकतो, इतकंच. हा सराव द्यायला ओली माती आणि उठावाची, म्हणजे बोटाला लागणाऱ्या उंच रेघांची, चित्रं यांच्याइतकं स्वस्त साधन आम्हाला दुसरं माहीत नाही. उशिरा दृष्टी गेलेल्या प्रौढांसोबत हे काम कसं करावं, किती करावं आणि कुठे फसतं, ते या पत्रात लिहीत आहोत. पत्र लांबलं आहे याची जाणीव आहे. पण मोघम लिहिलं तर वाचून कोणी फळी-माती घेऊन बसणार नाही.

आधी मुळातला फरक. डोळा आधी सगळं एकदम दाखवतो, तपशील नंतर. हात आधी तुकडे देतो, आणि ते मनात जोडून अख्खी वस्तू आपली आपण उभी करायची असते. चाळीस वर्षं डोळ्यांनी जगलेल्या माणसाला हे उलटं वळण अंगी बाणवावं लागतं. काठी रस्ता सांगते, ब्रेल अक्षरं देतं. पण तुकड्यांतून अख्खं उभं करण्याचा सराव त्यांतून आपोआप होत नाही. आकार घडवताना तो होतो, कारण घडवणाऱ्याला अख्खा आकार सतत मनात धरून ठेवावा लागतो.

स्पर्श म्हणजे नुसता हात ठेवणं नव्हे. सुझन लेडरमन आणि रोबर्टा क्लॅट्झकी या संशोधकांनी १९८७ मध्ये हाताच्या शोधक हालचाली वेगवेगळ्या करून मांडल्या. पोत कळायला बोट आडवं फिरवावं लागतं, मऊ की टणक हे कळायला दाबावं लागतं. गार-ऊन कळायला हात स्थिर हवा, वजनासाठी वस्तू उचलून तळव्यावर तोलायला हवी. ढोबळ आकारासाठी ती मुठीत धरायची आणि नेमक्या आकारासाठी कडेकडेने बोट न्यायचं. नवख्या माणसाच्या हातात वस्तू दिली की तो बहुधा यातली एकच हालचाल करतो, टोकाने चाचपतो आणि ‘नाही कळत’ म्हणून खाली ठेवतो. त्याला सहाही हालचाली एकेक करून सांगाव्यात. दोन्ही हात वापरायचे. डावा एका जागी रोवून ठेवायचा आणि उजव्याने हिंडून दर वेळी डाव्यापाशी परत यायचं. हा रोवलेला हात नसला की आपण वस्तूच्या कोणत्या बाजूला आहोत हेच हरवतं.

बोटाच्या टोकाला साधारण २ मिलिमीटर अंतरावरचे दोन टोचे वेगळे कळतात. पाठीवर तेच अंतर ४ सेंटीमीटरच्या आसपास लागतं. ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून सुमारे अडीच मिलिमीटरवर असतात, म्हणजे ब्रेल वाचणं हे बोटाच्या क्षमतेच्या अगदी काठावरचं काम आहे. म्हणून साठीच्या माणसाला पहिल्याच दिवशी ब्रेल देऊ नये, तो हिरमुसतो. आधी मुठीत मावतील असे आकार, मग जाड रेषा, मग बारीक.

सुरुवात कुठून करायची? हाताला आधीपासून जे येतं तिथून. जिने उभा जन्म उकडीचे मोदक केले, तिला मातीची वाटी शिकवावी लागत नाही. मोदकाची पारी करताना अंगठा आत, चार बोटं बाहेर, दाबत दाबत गोल फिरवायचं, कडेला पातळ, तळाशी थोडी जाड. कुंभारकामातली चिमटीने घडवायची वाटी हुबेहूब अशीच होते. अशा बाईला पहिल्या दिवशी माती न देता उकडच द्यावी. बरेचदा घरच्यांनी तिला ‘आता ओट्याकडे येऊ नकोस, भाजशील’ म्हणून वर्षभर स्वयंपाकघराबाहेर ठेवलेलं असतं. गॅसपासून दूर, जेवणाच्या टेबलावर, परातीत उकडीचा गोळा आणि तेलपाण्याची वाटी दिली तर भाजण्याचा प्रश्नच येत नाही. शेतकरी घरातल्या पुरुषांनी लहानपणी बेंदराला, पोळ्याला मातीचे बैल केलेले असतात. त्यांनी बैलापासून सुरुवात करावी.

आता माती. गणपतीच्या आधी दोन महिने शाडू सगळीकडे मिळतो, तेव्हाच वर्षभराची कोरडी पावडर घेऊन ठेवावी. एका माणसाला २ किलो पुरते. तिला साधारण ६०० मिलिलिटर पाणी लागतं, ते एकदम ओतू नये. थोडं थोडं घालून कणकेसारखं तिंबावं, ओल्या फडक्यात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवावं आणि सकाळी पुन्हा तिंबावं. ओल बरोबर आहे का याची परीक्षा हातानेच होते. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. तडे गेले तर पाणी कमी. तळहाताला चिकटून थर राहिला तर जास्त. हा चिकट थर फार नडतो. बोटांवर मातीची साय धरली की स्पर्श बोथट होतो आणि माणसाला वाटतं, आपल्यालाच कळेनासं झालं. शेजारी पाण्याचा वाडगा आणि ओलं फडकं ठेवावं आणि दर पाच-सात मिनिटांनी बोटं धुवावीत. काम झाल्यावर सांडलेली कोरडी पावडर झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी; ती धूळ फुप्फुसांना वाईट.

बैठक नीट लावली तर निम्मी कटकट मिटते. एक फूट बाय एक फूट प्लायची फळी घ्यावी, खाली ओलं फडकं म्हणजे ती सरकत नाही. फळीच्या जवळच्या कडेवर बरोबर मधोमध एक खाच करावी किंवा गोल डोक्याचा खिळा ठोकावा. ही ‘आपली बाजू’. काम करताना फळी नकळत फिरते आणि मग बैलाचं तोंड कुठे नि शेपूट कुठे हे कळेनासं होतं; खाचेवर बोट ठेवलं की पुन्हा दिशा सापडते. सामान घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे मांडावं. बारावर पाणी, तीनवर हत्यारं, नऊवर मातीचा गोळा. मांडणी रोज तीच, आणि ती शिकणाऱ्याने स्वतः करायची. सोबत बसणाऱ्याने ‘इथे’, ‘तिथे’, ‘हे बघा असं’ म्हणू नये. ‘डाव्या अंगठ्याच्या दोन बोटं पुढे’ असं म्हटलं तर उपयोग होतो.

एक बैठक पाऊण तासाची, आठवड्यातून दोनदा. यापेक्षा जास्त लांबवू नये. लक्ष देऊन स्पर्श करणं थकवणारं असतं.

पहिल्या बैठकीत काही ‘बनवायचं’ नाही. अर्धा किलोचा गोळा द्यावा, त्याचे हातानेच दोन सारखे भाग करायला सांगावं, दोन तळव्यांवर तोलून कमी-जास्त दुरुस्त करावं, मग त्यांचे चार. नंतर हवं तर काट्यावर मोजून दाखवावं. दोन-तीन बैठकांत फरक किती घटतो हे माणसाला स्वतःलाच कळतं आणि त्या आकड्याचा त्याला धीर येतो. मग चेंडू, वळी, वीट. मग लिंबू, वांगं, तांब्या अशा ओळखीच्या वस्तू, खरी वस्तू डाव्या हाताशी ठेवून. वांग्याचा देठ सगळेच विसरतात, कारण डोळ्याच्या आठवणीत वांगं म्हणजे जांभळा फुगार आकार. हाताला मात्र देठाचा काटा आधी लागतो. देठ आला की समजावं, माणूस आठवणीतून नव्हे तर हातातून घडवू लागला. आमच्या मते या कामातला हा सगळ्यात मोठा टप्पा.

बैलाकडे जरा जवळून बघू. धड म्हणून मुठीएवढी वळी. पाय अंगठ्यापेक्षा बारीक करायचे नाहीत. पाय नुसते चिकटवले तर वाळताना गळून पडतात. जोडायच्या दोन्ही जागा काडीने आडव्या-उभ्या ओरबाडायच्या, त्याच मातीचा दह्याएवढा सैल लगदा लावायचा, दाबायचं आणि सांधा बोटाने लिंपून टाकायचा. पाय जोडताना धड खाली लोंबतं, म्हणून पोटाखाली मातीचा एक ठोकळा आधाराला ठेवायचा आणि माती थोडी आवळली की काढायचा. शिंगं आणि शेपूट हवेत सुटी ठेवायची नाहीत. डोळ्यांना सुटी शिंगं ऐटदार दिसतात, पण हे काम हातांनी वाचलं जाणार. चार जणांचे हात फिरले की शिंगं मोडलीच. शिंगं मागे वळवून मानेला टेकवायची, शेपूट मांडीला चिकटवायचं, वशिंड मात्र भरघोस ठेवायचं. हाताला बैलाची ओळख वशिंडावरूनच पटते.

शाडूचं काम न भाजता ठेवतात, पण ते ठिसूळ राहतं. वारंवार हाताळायचं असेल तर कुंभाराची लाल माती घ्यावी आणि भाजून घ्यावं. भाजायच्या कामाची जाडी दीड सेंटीमीटरच्या आत हवी, जाड धड आतून पोकळ करायला हवं आणि पोकळीला एक भोक हवं. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि काम फुटतं. सावलीत आठ-दहा दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त वाळवावं. वाळलं का, हे ओळखायची कुंभाराची रीत आहे: काम गालाला लावायचं. गार लागलं तर आत अजून ओल आहे. दृष्टी नसलेला माणूस ही परीक्षा आपली आपण करू शकतो, म्हणून ती त्यालाच करू द्यावी. वाळून-भाजून काम दहा टक्क्यांच्या आसपास आक्रसतं; काल केलेला बैल आज लहान का लागतो, असं माणूस घाबरून विचारतो, तेव्हा हे आधीच सांगितलेलं बरं.

चेहरा घडवण्याची घाई करू नये, पण तो टाळूही नये. स्वतःचा चेहरा चाचपून घडवताना बहुतेकांचे डोळे फार वर, कपाळात जातात आणि नाक वरून डकवल्यासारखं होतं. हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत बोटांनी मोजायला सांगावं. डोळे जवळपास मधोमध निघतात. हे कळल्यावर अनेकजण बराच वेळ स्वतःच्याच चेहऱ्यावर हात फिरवत राहतात. आरसा बंद झालेल्या माणसाला आपला चेहरा असा परत भेटतो. त्या वेळी सोबतच्याने बोलत बसू नये.

आता घराचा नकाशा. मातीकाम आणि रोजचं जगणं जिथे थेट जोडलं जातं ते इथे. दीड फूट बाय दोन फुटांची फळी घ्यावी. माप शरीराचंच ठेवावं: टाचेला अंगठा लावत मोजलेलं एक पाऊल म्हणजे फळीवर एक बोट रुंदी. दहा बाय बाराची खोली साधारण बारा पावलं बाय साडेचौदा पावलं भरते, म्हणजे फळीवर २१ बाय २५ सेंटीमीटर. एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर एवढं घर फळीवर बसतं. पावलं त्या माणसाने स्वतः मोजायची, भिंतीला हाताची पाठ लावून. तळवा लावला तर बोटं खिळ्यात, बिजागरीत अडकतात. मोजून आलं की खाचेकडची बाजू म्हणजे घराचा मुख्य दरवाजा, ‘तुम्ही दारात उभे आहात’, इथून सुरुवात.

भिंती म्हणजे अर्ध्या पेराएवढ्या उंच वळ्या. दारं म्हणजे मोकळी फट. दार आत उघडतं की बाहेर, तेही काडी लावून दाखवायचं. पलंग, कपाट, ओटा, टेबल हे मातीचे ठोकळे. पलंगावर कापडाचा तुकडा, ओट्यावर गुळगुळीत पत्रा, न्हाणीघराच्या जमिनीवर सँडपेपर. एवढे तीन पोत पुरेत. सहा-सात पोत वापरले की एकही लक्षात राहत नाही.

पहिला नकाशा चुकणार, आणि त्या चुका पुसायची घाई करू नये. नेहमीची वाट, म्हणजे पलंग ते न्हाणीघर, बहुधा ऐसपैस येते. जिथे जायचं माणसाने सोडून दिलंय ती खोली आक्रसते, कधी कधी गळूनच जाते. गॅलरी नकाशात नसेल तर विचारावं, गॅलरीत शेवटचं कधी गेलात? कुठे भीती बसली आहे, ते या फळीवर बोटाला लागतं. तिथून पुढे त्या खोलीपर्यंत पावलं मोजत जाणं, परत येऊन फळी दुरुस्त करणं, पुन्हा जाणं, असं तीन-चार बैठका चालतं. मोबिलिटी ट्रेनिंग, म्हणजे एकट्याने हिंडण्याफिरण्याचं शिक्षण, देणारे शिक्षक काठीने जे शिकवतात त्याला याची चांगली जोड मिळते. काठी शिकवणं मात्र त्यांनीच करावं, ते काम वेगळं आहे.

मातीचा नकाशा फळीवरच वाळू दिला तर भिंती तडकून सुटतात, कारण माती आकसते आणि फळी आकसत नाही. दुरुस्त्या चालू असेपर्यंत तो ओल्या फडक्याने आणि प्लास्टिकने झाकून ठेवावा. पक्का झाला की तेवढ्याच मापाच्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या फेविकॉलने चिकटवून दुसरी फळी करावी आणि ती घरात हाताशी ठेवावी. तिचा फायदा घरच्यांनाही होतो. मोरी-दारामधली बादली, अर्धवट उघडं दार, जागेवरून हललेली खुर्ची हे काय असतं ते त्यांना फळीवर बोट फिरवल्याशिवाय उमगत नाही. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधीच नाही. हा नियम घरात लहान मुलांनाही पाळायला लावावा.

उठावाच्या चित्रांकडे वळू. महागड्या यंत्रांची गरज नाही. खिडकीला लावतात ती धातूची बारीक जाळी पुठ्ठ्यावर ताणून बसवावी, कडा चिकटपट्टीने नीट बंद कराव्यात, नाहीतर तारा बोटांत घुसतात. वर साधा झेरॉक्सचा कागद ठेवून मेणखडूने दाबून रेघ मारली की ती खरखरीत उमटते आणि लगेच बोटाने वाचता येते. आपण मारलेली रेघ आपल्यालाच त्या क्षणी कळणं, याचं मोल दृष्टी गेलेल्या माणसाला विचारावं. करंज्यांचं कातण किंवा शिंप्याचं ट्रेसिंग व्हील कागदावर दाबून फिरवलं, खाली जाड टॉवेल ठेवला, तर कागदाच्या पाठीवर ठिपक्यांची रेघ उठते. फक्त ती उलटी येते, आरशासारखी. पाटी-कोरणीने ब्रेल लिहिणाऱ्यांना या उलटेपणाची सवय असते, इतरांनी आधी एखादं सोपं अक्षर करून पाहावं. टिकाऊ रेघ हवी तर फेविकॉलमध्ये खडूची पावडर घट्ट कालवून मेंदीच्या कोनात भरावी. नुसत्या फेविकॉलची रेघ वाळल्यावर बसून सपाट होते. चोवीस तास हात लावू नये.

सर्वात जास्त चूक चित्र निवडताना होते. छापील चित्राच्या बाह्यरेषा उंचावल्या म्हणजे स्पर्शचित्र झालं, असं समजलं जातं. खुर्चीचं चित्र घ्या. कागदावर तिचे मागचे दोन पाय आखूड आणि पुढचे लांब काढलेले असतात. डोळ्याला त्यातून खोलपणा जाणवतो, हाताला ती मोडकी खुर्ची वाटते. गणपतीच्या चित्रात सोंड पोटावरून जाते, हात सोंडेला छेदतो, दागिन्यांच्या रेघा या सगळ्यांवरून. बोटाला लागतो तो फक्त गुंता. त्याऐवजी पोट हा एक थर, त्यावर सोंड दुसरा थर, दागिने गाळलेले, असं थरांनी करावं. दोन रेघांत निदान ३ मिलिमीटर अंतर, चित्र दोन पंजे शेजारी ठेवल्यावर झाकलं जाईल एवढंच मोठं, आणि एका चित्रात एकच गोष्ट. घरात आधी दृष्टी असलेल्यांनी डोळे मिटून ते वाचून पाहावं; मात्र त्यांना कळलं म्हणून ते बरोबर आहे असं नव्हे, शेवटचा शब्द वाचणाऱ्याच्या बोटांचा.

सगळ्यांची दृष्टी पूर्ण गेलेली नसते. कोणाला मधला भाग दिसत नाही आणि कडा दिसतात, कोणाला नळीतून पाहिल्यासारखं मधलंच दिसतं. त्यांचे डोळे बांधून सराव घेऊ नये. काळ्या फळीवर पांढरा शाडू, आणि उजेड समोरून नको, बाजूने हवा. तो बाजूने पडला की उठावाची सावली पडते आणि उरलेली नजर कामाला येते. ज्यांची दृष्टी हळूहळू जाणार आहे त्यांनी तर नजर असतानाच सुरुवात करावी. आज डोळा हाताची चूक दाखवू शकतो, पुढे ते नाही.

मधुमेही माणसांबाबत एक काळजी. मधुमेहाने नसा बधिर होतात. सुरुवात पायांपासून होते, पण पुढे हातही सुटत नाहीत. अशा बोटांना ब्रेल लागत नाही, बारीक रेघ लागत नाही, आणि माणूस स्वतःला मंद ठरवतो. त्यांच्यासाठी उठाव ४-५ मिलिमीटरचा, सुतळीएवढी जाड रेघ, आणि बोटांऐवजी पूर्ण तळव्याचा वापर. बैठक संपल्यावर दृष्टी असलेल्या कोणीतरी त्यांची बोटं तपासावीत. कापलेलं त्यांना कळत नाही. आणि कोणाच्याही बाबतीत, हाताचा ठसा घ्यायला हात प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून ठेवू नये. ते घट्ट होताना इतकं तापतं की गंभीर भाजतं आणि हात बाहेर काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट घरोघरी लपवली जाते. दृष्टी गेल्यावर काहींना नक्षी, चेहरे, लहान माणसं दिसू लागतात. ती खरी नाहीत हे त्यांना बहुधा कळत असतं, तरी ‘वेड लागलं म्हणतील’ या भीतीने ते बोलत नाहीत; कोणी बोललंच तर घरचे बाहेरचं काही आहे म्हणून अंगारे करतात. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांना दिसणाऱ्या अशा दृश्यांची नोंद केली होती. हे वेड नव्हे; बाहेरून चित्र येणं थांबल्यावर मेंदू स्वतःच चित्रं काढतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगावं. दिसलेली नक्षी माती थापून किंवा जाळीवर रेघ मारून दाखवता आली, तर जे सांगायची लाज वाटत होती ते दुसऱ्याच्या हातात देता येतं.

आता तक्रार. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कोणीतरी ‘थोडं नीटनेटकं करतो’ म्हणून बैलाचे पाय सरळ करतो, चेहऱ्याचं नाक गुळगुळीत करतो. दुसऱ्या दिवशी ज्याचं काम आहे तो त्यावर हात फिरवतो आणि आपलंच काम त्याला ओळखू येत नाही. असं एकदा झालं की माणूस पुन्हा मातीला हात लावत नाही. मदत करायची तर हात खालून द्यावा. शिकवणाऱ्याचा हात खाली, शिकणाऱ्याचा वर. नको वाटलं तर त्याला तो उचलता यावा. मनगट धरून ओढत नेणं ही शिकवण्याची पद्धत नव्हे.

बिनोदबिहारी मुखर्जींचं उदाहरण आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. १९०४ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराची उरलीसुरली दृष्टी पन्नाशी ओलांडल्यावर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून, दुमडून चित्रं केली, मेणाची छोटी शिल्पं केली आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं मोठं म्युरल केलं. ते आधीपासूनच थोर चित्रकार होते, त्यामुळे प्रत्येकाने त्यांच्यासारखं व्हावं असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी साधन बदललं, हे महत्त्वाचं. रंग सोडून हाताला कळेल अशा कागदाकडे आणि मेणाकडे ते वळले.

इटलीतल्या अंकोना शहरात १९९३ पासून ओमेरो नावाचं स्पर्श-संग्रहालय आहे. एका अंध दाम्पत्याच्या कल्पनेतून ते उभं राहिलं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातही हात लावून पाहायच्या प्रतिकृतींचं दालन २०१५ मध्ये सुरू झालं. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत वस्तुसंग्रहालयं आहेत. प्रत्येकात दहा प्रतिकृती मांडायला फार मोठा खर्च नाही, कारण त्या करणारे मूर्तिकार आपल्याकडे गावोगाव आहेत. एकट्या पेणला किती कुशल हात आहेत ते सांगायला नको. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २९ मध्ये कला दिव्यांगांना उपलब्ध करून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. ‘हात लावू नका’ या पाटीशेजारी ‘याला हात लावा’ अशी एक पाटी कायद्यालाच अपेक्षित आहे.

त्याहून तातडीचं काम जिल्हा रुग्णालयांत आहे. तिथे माणसाला अंधत्वाचं प्रमाणपत्र मिळतं, टक्केवारी मिळते, आणि तो घरी जातो. पुढे काय, हे सांगणारा एक छापील कागदही बरेचदा हातात पडत नाही. त्या कागदावर मोबिलिटी ट्रेनिंग कुठे मिळतं, जवळची संस्था कोणती, आणि घरी आज संध्याकाळी काय सुरू करता येईल, एवढं असलं तरी खुर्चीवरचे महिने वाचतील. प्रमाणपत्राच्या दिवशी सोबत आलेली मुलगी किंवा सून तो वाचेल, ध्वनिमुद्रित प्रत असेल तर माणूस स्वतःच ऐकेल.

आपल्या वर्तमानपत्राकडे एक विनंती. पुढच्या १५ ऑक्टोबरला असं छायाचित्र छापाल तेव्हा त्याखाली इतर कोणत्याही कलाकाराच्या कामाखाली छापता तेवढंच छापावं: कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीने, माध्यम, लांबी-रुंदी-उंची आणि वजन. वजन आवर्जून छापावं. ज्याला कोणी ते वाचून दाखवेल, त्याच्या हाताला ती वस्तू केवढी ते लगेच कळेल.

आपले,
उशिरा दृष्टी गेलेल्या प्रौढांसोबत मातीकाम आणि स्पर्शचित्रांचं काम करणारे काही शिक्षक, पुणे